आजींनी गेट उघडायला सांगितलं तर?

विचारायला आई आली होती. मुलगा २३ वर्षांचा, डाउन सिंड्रोम असलेला, म्हणजे जन्मापासूनच शिकणं-समजणं संथ असलेला. रोज कार्यशाळेत जातो, कागदी पिशव्या करतो, दिवाळीत पणत्या रंगवतो. कार्यशाळेच्या ताईंनी सुचवलं, की त्यानं आणि आणखी तिघांनी आठवड्यातून एकदा जवळच्या केंद्रात डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या आजी-आजोबांबरोबर थोडा वेळ घालवावा. आईचं म्हणणं असं : "कुणी खेकसलं तर हा दोन दिवस जेवत नाही. आणि ज्याला आम्हीच अजून सांभाळतो, तो दुसऱ्याला काय सांभाळणार?" (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. सांभाळायचं नसतंच. भरवणं, पाणी पाजणं, उठवून बसवणं, बाथरूमला नेणं ही कामं स्वयंसेवकाची नाहीत. डिमेन्शियात गिळण्याची क्रिया बिघडू शकते. प्रेमानं दिलेला अर्धा लाडूसुद्धा घशात अडकतो. डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असू शकतो, त्यामुळे तोल जाणाऱ्या माणसाला सावरायला मध्ये पडणं मुलासाठीही धोक्याचं. कुणी पडायला लागलं तर केंद्रात काळजी घेणाऱ्या मावशींना मोठ्यानं "मावशी!" अशी हाक मारायची, एवढंच त्याचं काम. ही हाक आम्ही त्याच्याकडून दहा-बारा वेळा म्हणून घेतली. हळू आवाजात बोलायची सवय लागलेली मुलं ऐन वेळी हाकही हळूच मारतात.

मग करायचं काय? सोबत बसून एखादं काम. इथे रुमालांच्या घड्या ठरल्या : १२ रुमाल, तो आणि एक आजी अशा दोघांत मिळून. मणी, बटणं, मटार अशा बारीक वस्तू बाद, कारण त्या तोंडात जातात. घड्यांच्या पहिल्याच दिवशी एक गोष्ट फसली. घड्या झाल्यावर मावशींनी त्या मोडून तेच रुमाल पुन्हा समोर ठेवले. आजींना काही वाटलं नाही, पण मुलाचा चेहरा पडला. "मी चुकलो का?" घड्या मोडून वेळ काढणं त्याला फसवणूक वाटली आणि त्याचं बरोबरच होतं. पुढच्या वेळेपासून घडी घातलेले रुमाल खरोखर जेवणाच्या टेबलांवर जाऊ लागले आणि ते ठेवायला तो स्वतः जाऊ लागला.

वेळ सकाळी साडेदहा ते सव्वाअकरा. अंघोळ-नाश्ता आटोपलेला असतो, जेवणाची घाई सुरू व्हायची असते. संध्याकाळची वेळ टाळायची. दिवस कलायला लागला की अनेकांची घालमेल वाढते, "घरी चला"चा धोशा सुरू होतो. पहिल्या आठवड्यात फक्त रिकामा हॉल आणि बाथरूम दाखवलं. दुसऱ्या आठवड्यात दहा मिनिटं, तिसऱ्यात वीस. मोबाइलवर त्याच जागेचे सहा फोटो काढून त्यांची पट्टी केली : गेट, हात धुण्याचं बेसिन, मावशी, आजींची खुर्ची, रुमाल, परतीची रिक्षा. चित्रांपेक्षा खरे फोटो चांगले, कारण चित्रातली आजी आणि समोरची आजी एकच नाही, यावर काही मुलं अडून बसतात.

बोलण्याचा सराव मात्र सगळ्यात जास्त लागला. समोरून जायचं, बसूनच बोलायचं, एक प्रश्न विचारून मनात दहा आकडे मोजायचे. "ओळखलंत का मला?" असं कधीच विचारायचं नाही. छातीवर मोठ्या अक्षरांत नाव लावायचं आणि दर वेळी नव्यानं नमस्कार करायचा. इथे या मुलाला फार शिकवावं लागलं नाही. "कुठला रे तू?" हा प्रश्न आजींनी चौदाव्यांदा विचारला तरी त्याचं उत्तर पहिल्याच उत्साहाचं होतं. घरची माणसं चौथ्या वेळेला वैतागतात. म्हणून लगेच "ही मुलं म्हणजे देवमाणसं" असं कुणी म्हणू नये. त्याच गटातला एक स्वमग्न तरुण टीव्हीच्या आणि ओरडण्याच्या आवाजानं दुसऱ्याच भेटीत कानांवर हात ठेवून बाहेर आला. त्याला अंगणातल्या कुंड्यांना पाणी घालायचं काम दिलं, तेही एका शांत आजोबांबरोबर. तिसऱ्या मुलीला कंटाळा आला आणि तिनं सोडलं. तसं सोडता यायलाच हवं.

आईला भीती होती ओरडण्याची. खरी अडचण आली ती प्रामाणिकपणामुळे. चौथ्या भेटीत आजी म्हणाल्या, "बाळा, गेट उघड, मला घरी जायचंय, मुलं शाळेतून येतील." त्यानं उठून कडी काढली. मोठ्या माणसाचं ऐकायचं, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं. मावशी वेळेवर पोचल्या आणि त्याच्यावरच रागावल्या. चूक आमच्या तयारीची होती. त्यानंतर दारावर लाल हाताचं चित्र लावलं आणि नियम ठरला की दार फक्त मावशी उघडतात. आजींसाठी एक वाक्य पाठ केलं : "घरी कोण कोण आहे, आजी?" 'घर' निघालं की बहुतेक वेळा त्यांना त्या घराबद्दल बोलायचं असतं.

दुसरा पेच असाच. एक आजोबा त्याला आपल्या मुलाच्या नावानं हाक मारत. हा दर वेळी ठणकावून सांगायचा, "मी तो नाही!" आणि आजोबा कासावीस व्हायचे. याला खोटं बोलायला शिकवणं आम्हाला मान्य नव्हतं. मार्ग निघाला तो हो किंवा नाही न म्हणणाऱ्या वाक्यातून : "मी तुम्हाला भेटायला आलोय." ते खरंही होतं.

तिसरी गोष्ट चोरीच्या आळाची. डिमेन्शियात वस्तू हरवली की "कुणीतरी नेली" हा संशय नेहमीचा. म्हणून आत जाताना खिसे रिकामे, पिशवी बाहेर, कुणी पैसे किंवा अंगठी हातात दिली तर तिथल्या तिथे मावशींकडे, आणि खोलीत एकटं जायचं नाही. हे नियम कागदावर लिहून केंद्र, कार्यशाळा आणि पालक या तिघांनी सह्या करायच्या. त्याच कागदावर वेळ, काम, प्रवास कोण करवणार आणि कुणाला विचारायचं हेही लिहायचं. सहा महिन्यांनी तो कागद पुन्हा काढून बघायचा. रुमालांच्या जागी फरशी पुसणं आलं असेल तर ती नोकरी झाली, तिचा पगार मागायचा.

त्याला आवडतंय की नाही, हे आईला नाही, त्यालाच विचारायचं. भेटीनंतर रिक्षात तीन चेहऱ्यांची कार्डं दाखवायची. आणि आदल्या रात्री तो शर्ट काढून ठेवतो का, तेही बघायचं. सर्दी-खोकला असेल त्या आठवड्यात सुट्टी.

पाचव्या महिन्यात त्या आजी गेल्या. "झोपल्या", "लांब गेल्या" असे शब्द वापरायचे नाहीत, कारण तो त्या उठण्याची वाट बघत बसेल. पुढच्या भेटीआधी, घरीच सांगायचं : "आजी वारल्या. त्या आता परत येणार नाहीत. तू काही केल्यामुळे हे झालं नाही." तो गेला, रिकाम्या खुर्चीवर त्यानं एक फूल ठेवलं आणि रुमाल मागितले.

आईच्या मनातला खरा प्रश्न दुसऱ्या बैठकीत निघाला. तिनं कुठेतरी वाचलं होतं : "पुढे यालाही हेच होणार ना? मग आताच कशाला दाखवायचं?" डाउन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते आणि अल्झायमरशी (डिमेन्शियाचं सगळ्यात नेहमीचं कारण) संबंधित एक जनुक त्याच गुणसूत्रावर आहे. त्यामुळे धोका इतरांपेक्षा बराच जास्त आणि लवकरच्या वयात असतो. चाळिशीपर्यंत मेंदूत त्या आजाराच्या खुणा जवळपास सगळ्यांच्यात दिसतात. मात्र खुणा म्हणजे आजार दिसू लागणं नव्हे. तो प्रत्येकाला होतोच असंही नाही, आणि आजी-आजोबांजवळ बसल्यानं तो होत नाही. हे तिच्यापासून लपवलं नाही. करता येण्याजोगं मात्र बरंच आहे. थायरॉइडची तपासणी दर वर्षी, कारण थायरॉइड मंदावलं की विसराळूपणा आणि सुस्ती डिमेन्शियासारखीच दिसते. कान आणि डोळे नियमित तपासायचे. आज तो काय काय स्वतः करतो ते लिहून आणि व्हिडिओ करून ठेवायचं, म्हणजे चाळिशीनंतर डॉक्टरांना तुलना करता येते. तो बदल पहिल्यांदा स्मरणात नाही, स्वभावात आणि रोजच्या कामांत दिसू शकतो.

आईनं वही सुरू केली. पहिली नोंद : शर्टाची सात बटणं, मदत नाही, वरचं एक विसरतो. दुसरी : बारा रुमाल, अकरा सरळ.