तो व्हिडिओ तिच्यापर्यंत पोचवू का?

"मावशी, मी नागपूरचा, वय २५. तीन वर्षं सोबत होतो, मार्चमध्ये तिनं तोडलं. तेव्हापासून रोज रात्री शिनेड ओ'कॉनर या आयरिश गायिकेचा 'नथिंग कम्पेअर्स टू यू' हा जुना व्हिडिओ पाहून राहिलो. नुसता एक चेहरा, तो थेट आपल्याकडे पाहते, आणि मग डोळ्यांतून पाणी. माझ्या मनातलं सगळं त्यात आहे असं वाटते. ती दीड वर्षापासून म्हणे, घरी बोल. मी म्हणत होतो, पाहू. एवढंच कारण. शेवटी तिचा मेसेज आला, 'मी थकले. आता फोन करू नको,' आणि ब्लॉक केलं. मित्राजवळ चांगला कॅमेरा आहे. रविवारी पहाटे फुटाळा तलावावर तसाच व्हिडिओ करणार आहे. नुसता माझा चेहरा, मागे तेच गाणं, मध्ये आमचे रामटेकचे फोटो. तिच्या मैत्रिणीला टॅग केलं की ती पाहीलच. तिला कळलं पाहिजे मी कसा जगून राहिलो. जेवण जात नाही, कशात राम वाटत नाही. टाकू ना? आणि कसा केला तर तिच्या मनाला भिडेल?"

बाळा,

टाकू नकोस. रविवार जवळ आला आहे म्हणून हे आधी सांगते, कारणं नंतर.

तुझ्या दुःखाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. दिवसभरातलं बारीकसारीक ज्या माणसाला सांगायची तीन वर्षं सवय लागली, ते माणूस एका मेसेजनं निघून गेलं. घास उतरणार कसा? आणि तू धरून बसलेला व्हिडिओही साधासुधा नाही. तो इतका का भिडतो ते नीट पाहिलंस तर तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे, म्हणून जरा तपशिलात जाते.

१९९० सालचा हा व्हिडिओ, दिग्दर्शक जॉन मेबरी. नाच, सेट, झगमगाट हा तेव्हाच्या पॉप व्हिडिओंचा नेहमीचा थाट. इथे मागे काळोख, अंगात काळे कपडे, डोक्यावरचे केस जवळजवळ भादरलेले. नजर जायला चेहऱ्याशिवाय दुसरी जागाच ठेवलेली नाही. मधूनमधून पॅरिसच्या एका बागेत ती एकटी चालताना दिसते, दगडी पुतळे दिसतात, आणि पुन्हा तोच चेहरा. ती गाता गाता मध्येच नजर खाली टाकते, मान फिरवते, चिडते, आवाज कुजबुजीपासून आक्रोशापर्यंत जातो. इतकं सगळं झाल्यावर गालांवर दोन थेंब येतात. पहिल्याच ओळीला ते आले असते तर आपण बघत राहिलो नसतो. ती रडू आवरते आहे हे आधी दिसतं, म्हणून पुढचं रडणं खरं वाटतं. समोरच्याला पटवायचं तर बोलणाऱ्यावर विश्वास बसावा लागतो, भावना हलाव्या लागतात आणि मुद्दा मांडावा लागतो, असं ॲरिस्टॉटलनं सांगून ठेवलं आहे. यातली पहिली दोन कामं तो एकटा चेहरा करतो.

तिसरं काम शब्द करतात, आणि ते किती तयारीचे आहेत बघ. तू गेलास त्याला किती दिवस झाले ते वरच्या तासांसकट सांगून सुरुवात. नेमका आकडा ऐकला की आपण तो पुरावा मानतो. मग मोकळेपणाची यादी: हवं तेव्हा बाहेर जाते, हवं त्याला भेटते, भारी हॉटेलात जेवते. एकेक सुख पुढे ठेवायचं आणि लगेच फोल ठरवायचं. पुढे डॉक्टर सांगतो, जरा मजा कर, तर तोच मूर्ख ठरतो. ऐकणाऱ्याच्या मनात "अगं, विसर आता" असं यायच्या आत त्याचं तोंड बंद केलेलं आहे.

आता या गाण्यात काय नाही ते बघ. तुझ्याबरोबर राहणं कधीकधी कठीण होतं, पण पुन्हा एकदा प्रयत्न करायची माझी तयारी आहे, अशा अर्थाचं एवढंच येतं. तो का गेला, जाताना काय म्हणाला, हिचं काय चुकलं, त्यातलं काहीही नाही. त्या 'तू'ला चेहरा नाही, आवाज नाही, बोलायची पाळी नाही. म्हणूनच त्या रिकाम्या जागी जगातलं कुणीही बसतं, तुझी ती मुलगीसुद्धा.

ते अश्रूही प्रियकरासाठी नव्हते. अंगणात लावलेली फुलं सुकून गेली या ओळीपाशी आपल्याला आपली आई आठवली, असं शिनेडनं पुढे सांगितलं. तिची आई १९८५ मध्ये मोटार अपघातात गेली होती. गाणं मुळात प्रिन्स या अमेरिकन गायकानं लिहिलेलं, आणि शिनेडच्या आधी ते दुसऱ्याच एका बँडनं गायलेलं. म्हणजे शब्द एकाचे, पाणी आईसाठी आलेलं, आणि ते बघून रात्री दोन वाजता नागपुरात रडतोस तू. आपल्या ग्रेसांच्या 'ती गेली तेव्हा' या कवितेचंही असंच झालं. हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत ती ऐकून कितीतरी पोरांनी तिला आपल्या प्रेमभंगाचं गाणं करून टाकलं. कवितेतून निघून जाणारी ती मात्र आई आहे, आणि कवीनं ते आडपडदा न ठेवता लिहिलेलं आहे.

मी याला फसवणूक म्हणत नाही. एकाच्या दुःखात दुसऱ्याला रडायला जागा मिळते, हे गाण्याचं मोठेपण आहे, आणि ती जागा तुला मिळाली याचं मला बरंच वाटतं. पण निरोप ही वेगळी गोष्ट आहे. तो एकाच माणसाला जातो, आणि तुझ्या बाबतीत त्या माणसाला चेहरा आहे, आवाज आहे, आणि ती बोलून चुकली आहे.

तिचं बोलणं तू पत्रात कसं लिहिलंस ते पुन्हा वाच. व्हिडिओतली नजरसुद्धा तू बारकाईनं टिपलीस, आणि तिच्या दीड वर्षाला "एवढंच कारण" म्हणून मोकळा झालास. तेवढ्या काळात तिच्या घरी काय चाललं असेल ते तू लिहिलेलं नाहीस. स्थळं येत असतील. प्रत्येक वेळी आईसमोर नवं कारण काढावं लागत असेल: शिकायचं आहे, नोकरी पक्की होऊ दे, मुलगा फार लांबचा आहे. प्रत्येक कारणानंतर ती तुझ्याकडे येऊन म्हणत असेल, घरी बोल. आणि तू म्हणत होतास, पाहू. तुझा हा 'पाहू' तिच्या घरात रोज तिला एकटीला निभवावा लागला, आणि मग तिनं लिहिलं की मी थकले. मला तिचा मेसेज तुटक वाटत नाही, पूर्ण वाटतो.

तुझ्या व्हिडिओत हा 'पाहू' येणार नाही. तुझा चेहरा येईल, डोळे भरून येतील, खाली लोक लिहितील, "भाऊ, स्ट्राँग राहा." तिचं नाव नसलं तरी ओळखणारे ओळखतील, आणि तुला रडवणारी म्हणून तिची गणती होईल. तिला तिथे एक शब्द बोलायची सोय नाही. टॅग केल्यामुळे मैत्रीण कात्रीत सापडेल. आपल्याकडे असा व्हिडिओ दोन दिवसांत कोणीतरी मावसभाऊ तिच्या वडिलांना नेऊन दाखवतो, आणि तीन वर्षं जे तिनं जपून ठेवलं त्याचा जाब तिला एकटीला द्यावा लागेल. ती ज्यात आहे ते फोटो तिला न विचारता कुठेही टाकायचे नाहीत, आजही नाही आणि पुढेही नाही. ब्लॉक केलेल्या दारातून नाही तर मैत्रिणीच्या खिडकीतून आत यायचं, याला प्रेम म्हणत नाहीत रे.

रामटेकचं नाव काढलंस म्हणून एक सांगते. कालिदासाच्या 'मेघदूता'तला यक्ष ज्या रामगिरीवरून मेघाला निरोप देतो, तो आपला रामटेकच असं आपण मानतो. तो यक्ष रडतो, वाळतो, ढगाशी बोलतो, आणि ते सगळं त्याला शोभतं. कारण बायकोपासून दूर राहायच्या शापाचे चारच महिने उरलेत, देवउठनी एकादशीला शाप सरणार आहे, आणि तिकडे अलकानगरीत बायको एकेक दिवस मोजत वाट पाहते आहे. भरतानं नाट्यशास्त्रात विप्रलंभ, म्हणजे प्रेमातला विरह, आणि करुण रस वेगळे मांडले ते याच खुणेवर: विप्रलंभात भेटीची अपेक्षा शिल्लक असते, करुणात ती उरलेली नसते. बाहेरून दोन्हीकडे अश्रूच दिसतात, म्हणून माणूस गोंधळतो. तू करुणात आहेस आणि विप्रलंभाची भाषा बोलतो आहेस. तिनं फोन करू नको म्हटलंय. पलीकडे वाट पाहणारं कुणी नसताना पाठवलेला मेघ तिच्या डोक्यावर येऊन नुसता गडगडतो.

तर रविवारचं रद्द कर. फोटो मोबाइलमधून काढून एखाद्या पेनड्राइव्हवर टाक आणि तो भरवशाच्या माणसाकडे ठेवायला दे. पुसून टाक असं मी म्हणणार नाही. गाणं बघायचं तर संध्याकाळी बघ, अंथरुणात पडल्यावर नको. आणि एक वही घे. तिनं घरी बोल असं कधी कधी म्हटलं, त्या वेळी तू कुठे होतास, काय उत्तर दिलंस, कशाची भीती वाटली, जे आठवेल ते लिही. वडिलांची, जातीची, पगाराची, जी भीती होती ती तशी स्पष्ट लिही. हे तिला पाठवायचं नाही. पुढे कुणी पुन्हा तुझ्यावर भरवसा टाकेल तेव्हा तुला ते लागेल.

जेवण जात नाही, कशात राम वाटत नाही, हे तू जाता जाता लिहिलंस, पण मला पत्रातलं तेच सगळ्यात जास्त लागलं. मार्चपासून हे असंच चाललं असेल तर डॉक्टरांना दाखव. जीव नकोसा वाटायला लागला तर एक क्षणही एकटा राहू नकोस, १४४१६ लाव. ही सरकारची टेली-मानस सेवा, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं.

आणि घरी बोल. ती परत यावी म्हणून नाही, ते आता तुझ्या हातात नाही. पण पोरगा ताटावरून तसाच उठतो हे तुझ्या आईला रोज दिसतं आणि कारण माहीत नाही. जे दीड वर्ष ओठांवर आलं नाही ते आईला सांग. थेट जमत नसेल तर आधी एखाद्या बहिणीला किंवा काकाला विश्वासात घे आणि त्यांना सोबत बसव, पण या आठवड्यात बोल.

तुझी मावशी