परिच्छेद : कुठे बेतायचा?

प्रश्न असा आलाय : "परिच्छेद नेमका किती ओळींचा असावा? शाळेत सात-आठ ओळी सांगायचे. आणि परिच्छेद व उतारा एकच ना?"

एकच नव्हेत. उतारा म्हणजे कुठून तरी उतरवून घेतलेला मजकूर. तो अर्ध्या परिच्छेदाचाही असेल, चार परिच्छेदांचाही. सातबाराचा उतारा मिळतो, सातबाराचा परिच्छेद कुठलाही तलाठी देत नाही. 'खालील परिच्छेद वाचा' असं म्हणून खाली चार परिच्छेद छापलेले दिसले की पेपर काढणाऱ्याचेच गुण कापावेसे वाटतात. शिवाय 'परिछेद' लिहिणाऱ्यांनी तो च् कुठे सांडला? ऱ्हस्व स्वरापुढे छ आला की आधी च् येतो. पाणिनीने 'छे च' एवढ्याशा सूत्रातच ते उरकलंय.

परि म्हणजे सभोवार, छिद् म्हणजे कापणे. विच्छेद, उच्छेद, अपूर्णांकातला छेद, शिरश्छेद (हो, शिरश्छेद, 'शिरच्छेद' कितीही रूढ असला तरी मी लिहिणार नाही) ही सगळी एकाच घरातली भावंडं. पण यांच्यात परिच्छेद वेगळा. विच्छेदात तोडून टाकतात, परिच्छेदात चारी बाजूंनी कापून आकार देतात. शिंपी कापड बेततो तसं. म्हणून संस्कृतात त्याचा अर्थ मर्यादा, आणि त्याहून सुंदर अर्थ म्हणजे निश्चय. भवभूतीच्या 'मालतीमाधव' नाटकातला नायक माधव आपल्या मनातल्या विकाराला 'परिच्छेदातीत' म्हणतो, म्हणजे हे नेमकं काय होतंय ते ठरवताच येत नाही. प्रेमात पडलेल्याला ते शोभतं, निबंध लिहिणाऱ्याला नाही.

'पॅराग्राफ'ची गोष्ट उलटी आहे. ग्रीक हस्तलिखितांत ओळीच्या सुरुवातीला, कडेला मारलेली आडवी रेघ म्हणजे 'पॅराग्राफॉस', शब्दशः 'बाजूला लिहिलेलं'. नाटकांच्या पोथ्यांत बोलणारं पात्र बदललं की ही रेघ यायची. म्हणजे त्यांचा शब्द खुणेवरून आला, आपला कात्रीवरून.

आता माझा लाडका सिद्धान्त. वेदान्तात परिच्छेद, म्हणजे मर्यादा, तीन प्रकारचे : देशपरिच्छेद (इथे आहे, तिथे नाही), कालपरिच्छेद (आत्ता आहे, तेव्हा नव्हतं) आणि वस्तुपरिच्छेद (घट म्हणजे घडा आहे, म्हणजे पट, कापड, नाही). ब्रह्माला तिन्ही लागू नाहीत, म्हणून ते अपरिच्छिन्न, कुठेच न कापलेलं. काही नातेवाइकांचे व्हॉट्सॲपवरचे निरोपही याच जातीचे असतात. माझं म्हणणं असं, की लिहिताना कात्री कुठे लावायची हे या तिघांनाच विचारावं. जागा बदलली, काळ बदलला किंवा वस्तू बदलली की थांबून बघायचं.

आमच्या सोसायटीची नोटीसच घ्या : "रविवारी दहा ते चार टाकी धुतली जाणार असल्याने पाणी बंद राहील. आदल्या रात्री पाणी भरून ठेवावे. ज्यांचे मेंटेनन्स थकले आहे त्यांनी त्वरित भरावे. मागच्या वर्षी गच्चीची गळती काढली तेव्हा पंपाची वायरही बदलली होती. टाकीत गाळ जास्त निघाल्यास सोमवारीही पाणी उशिरा येईल."

तिसऱ्या वाक्यात वस्तू बदलली. चौथ्यात काळही बदलला आणि जागाही. पाचवं वाक्य मात्र पहिल्या दोघांचं सख्खं भावंड, ते चुकून परक्यांच्या पंगतीत बसलंय. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मेंटेनन्सपाशी चिडून वाचायच्या थांबल्या आणि सोमवारी सकाळी रिकामी बादली घेऊन खाली आल्या. त्यांचं काय चुकलं? पाचवं वाक्य उचलून दुसऱ्यामागे ठेवायचं, मेंटेनन्सचं खाली वेगळं काढायचं आणि वायरीचं खोडायचं, एवढंच काम होतं.

'पहिल्याच वाक्यात विषय सांगितलाच पाहिजे' हा नियम मला कुणी ऐकवू नये. १८६६ साली ॲलेक्झांडर बेन या स्कॉटिश प्राध्यापकाने परिच्छेदाचे नियम घातले, त्यातला हा एक. त्याने निदान 'सुरुवात तयारीची नसेल तर' अशी पळवाट ठेवली होती. आपल्या निबंधमार्गदर्शकांनी नियम तेवढा घेतला आणि पळवाट बुजवली. पुढे १९७४ साली रिचर्ड ब्रॅडक या अमेरिकन अभ्यासकाने नावाजलेल्या नियतकालिकांतले लेख तपासले, तर विषयवाक्याने सुरू होणारे परिच्छेद निघाले जेमतेम १३ टक्के. विषय पहिल्या वाक्यात असो की शेवटच्या, कापड एका ताग्याचं हवं.

काही पंडित म्हणतात, परिच्छेद म्हणजे मुळात अध्याय, 'साहित्यदर्पण' या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात दहाच तर परिच्छेद आहेत, तेव्हा हिंदीसारखं 'अनुच्छेद' म्हणा. दंडीच्या 'काव्यादर्शा'तही परिच्छेद अध्यायाएवढेच आहेत, मान्य. पण शब्द लहान मापाला बेतला म्हणून फाटत नाही. आणि मराठीत अनुच्छेद संविधानाने केव्हाच अडवून ठेवलाय. 'अनुच्छेद २१ नीट लिहा' असं शाळेतल्या पोराला सांगून बघा.

ओळींचं विचारलं होतंत, ते राहिलंच. नोटीस मी नव्याने लिहून दिली. पाण्याचा परिच्छेद तीन ओळींचा झाला, मेंटेनन्सचा एका ओळीचा. सेक्रेटरींनी एका ओळीचा तेवढा उचलून सगळ्यात वर नेला आणि ठळक केला.