पोळ्याला घरी जाता येईल का?

«मावशी, मी नागपूरची, महाल भागातली. वय 68. संधिवातानं उजवा खुबा पार झिजला होता. मुलगा ठाण्याला असतो म्हणून ऑपरेशन तिकडेच केलं, सांधा बदलला. आता तीन आठवडे झाले, वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरते. पोळ्याला सवा महिना आहे. दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, गल्लीतली पोरं आपापले लाकडी नंदी घेऊन सगळ्यांत आधी आमच्याच दारी येतात, इतक्या वर्षांत कधी खंड पडला नाही. आमचे हे 74 वर्षांचे आहेत, घरी एकटेच, डबा लावलाय. मुलगा म्हणतो, तीन महिने इथून हलायचं नाही. मी म्हटलं, समृद्धीवरून कारनं आठ तासांत पोचवून दे, तर चिडला. सून गुणाची आहे, पण माझ्यापायी तिला रजा टाकाव्या लागतात, त्याचा जीव खातो. मी हट्टीपणा करते आहे का?»

ताई,

हट्टीपणा अजिबात नाही. दुखऱ्या शरीराला आपलं घर, आपलं अंथरूण हवंसं वाटतं, यात चुकीचं काहीच नाही. मुलगाही चुकत नाही, तो घाबरलाय. तुम्ही पोळ्याला घरी असाल असं मला मनापासून वाटतं. फक्त आजच्या आज नाही, आणि कारनं तर नाहीच.

मुलाला भीती कशाची आहे ते आधी समजून घ्या, म्हणजे त्याच्याशी बोलणं सोपं जाईल. खुब्याचा सांधा बदलल्यावर पायाच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. पहिले काही आठवडे तो सगळ्यांत जास्त, आणि पुढे कमी होत होत साधारण तीन महिने राहतो. म्हणूनच डॉक्टर रक्त पातळ करणारं औषध देतात, ते बहुतेकांना महिनाभर किंवा त्याहून थोडं जास्त चालतं. एकाच जागी तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसलं की हा धोका वाढतो. मुलाचे तीन महिने हवेतून आलेले नाहीत. पण तीन महिने घराबाहेर पाऊलच टाकायचं नाही, असाही त्याचा अर्थ नाही. सहाव्या आठवड्याच्या सुमारास डॉक्टर तपासायला बोलावतात, एक्स-रे काढतात. तो ठीक आला आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, तर लांबच्या प्रवासाचा विचार करता येतो. तुमच्या हिशेबात ही तपासणी पोळ्याच्या जवळजवळ दोन आठवडे आधी येते. म्हणजे वेळ आहे.

त्या दिवशी डॉक्टरांना नेमकं विचारा: किती वाकायचं, पाय किती वळवायचा, औषध कधीपर्यंत, प्रवासात काय घ्यायचं. ऑपरेशन मागच्या बाजूनं केलं की पुढून, त्यावर ही बंधनं ठरतात, त्यामुळे शेजारणीला सांगितलेले नियम तुम्हाला लागू होतीलच असं नाही. मागच्या बाजूनं झालं असेल तर साधारण असं सांगतात: गुडघा खुब्याच्या वर जाईल इतक्या खाली बसायचं नाही, मांडी नाही, पायावर पाय नाही, आणि ऑपरेशनचा पाय आतल्या बाजूला वळवायचा नाही.

आता समृद्धी. रस्ता 701 किलोमीटर, आठ तास, हे सगळं खरं. पण ते आठ तास चालवणाऱ्याचे. तुम्हाला दर तासाला उतरून पाच मिनिटं चालावं लागेल, आणि त्या सरळसोट रस्त्यावर गाडी थांबवायचा कंटाळा भल्याभल्यांना येतो. कारची सीट खोलगट, वर पावसाळा. मी तुमच्या मुलाच्या जागी असते तर मीही नाही म्हटलं असतं.

विमान हा चांगला पर्याय आहे, मुलाला परवडत असेल तर. दीड तासाची उडी. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. शिडी चढायची वेळ येऊ नये म्हणून विमानाला जोडणारा पूल नसेल तर ॲम्बुलिफ्ट, म्हणजे खुर्चीसकट विमानाच्या दारापर्यंत उचलणारी गाडी, लागेल, हेही तेव्हाच सांगा. ऑपरेशन ताजं असल्यानं विमान कंपनी डॉक्टरांचं पत्र मागू शकते. सुरक्षा तपासणीच्या चौकटीत खुबा वाजणार. घाबरू नका, आधीच सांगा, बाजूला घेऊन बाई तपासतील.

तरी माझं मत विचाराल तर रेल्वेची दुरांतो एक्सप्रेस. ती रात्री सीएसएमटीहून निघते आणि सकाळी नागपूरला. रात्र आडवं पडून जाते, पाय लोंबकळत नाहीत. आणि दुसरं कारण माझ्या लेखी त्याहून मोठं आहे. सीएसएमटी हे शेवटचं स्टेशन, तिथून गाडी सुटते. लांबच्या गाड्यांच्या फलाटावर जिना न चढता जाता येतं, आणि गाडी सुटण्याआधी बराच वेळ उभी असते. नागपूरला ती संपते, त्यामुळे उतरतानाही मागून कुणी ढकलत नाही. विदर्भ एक्सप्रेस ठाण्याला थांबते, घराजवळून चढता येईल असं मुलगा म्हणेल. नको. ठाण्याला मिनिट-दोन मिनिटांत गर्दीतून वॉकरसकट त्या उंच पायऱ्या चढायच्या, आणि नागपूरला गाडी पुढे गोंदियाला जाणार म्हणून घाईनं उतरायचं, हे तुमच्या नव्या सांध्याच्या वाट्याला येऊ देऊ नका. सीएसएमटीपर्यंत टॅक्सीनं जा, तासभर आधी पोचा. पावसाळ्यात मुंबईत रुळांवर पाणी भरलं की गाड्या रखडतात, म्हणून पोळ्याला टेकून तारीख नको. हाताशी चार-सहा दिवस ठेवा.

तिकीट खालच्या बर्थचं. 45 वर्षांवरच्या बायकांना रेल्वेत खालच्या बर्थचा कोटा असतो, पण एका तिकिटावर माणसं वाढली की तो हातचा जातो. तुमचं तिकीट वेगळं काढायला सांगा. एसी फर्स्ट किंवा सेकंड बघा. साइड लोअर घेऊ नका, येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागतो.

डब्यात चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. मुलगा चढताना मागे, उतरताना पुढे. हातात पर्ससुद्धा नको. पायात मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट. बर्थवर आधी बसायचं, मग पाय एकत्र वर घ्यायचे, आणि गुडघ्यांमध्ये उशी. जागं असाल तेव्हा पावलं वर-खाली हलवत राहा, पोटऱ्यांना काम मिळालं की रक्त फिरतं. औषधं, डिस्चार्जचे कागद आणि सांध्याचं कार्ड सामानात टाकू नका, मुलाच्या खिशात किंवा तुमच्या उशाशी. पोटरी सुजली, गरम झाली, दुखायला लागली, धाप लागली किंवा छातीत दुखलं, किंवा खुब्यात एकदम जीवघेणी कळ येऊन पाय आखूड वाटला, तर नागपूर येईपर्यंत थांबू नका. टीसीला सांगा, 139 ला फोन करा.

आणि आता ते, जे तुम्ही लिहिलं नाही पण मला ठाऊक आहे. गाडीत संडासला जायला नको म्हणून तुम्ही दुपारपासून पाणी पिणार नाही. आपल्या पिढीतल्या सगळ्या बायका हेच करत आल्या. या वेळी करू नका. शरीरात पाणी कमी पडलं की रक्त घट्ट होतं, आणि गुठळीची भीती तर आपल्याला आधीच आहे. सीएसएमटीवर निघण्याआधी एकदा जाऊन या. डब्यात रात्री उठलात तर मुलाला उठवा, तो दाराशी उभा राहील, आतून कडी लावू नका. कमोड बुटका असतो, तेव्हा ऑपरेशनचा पाय पुढे लांब ठेवून, भिंतीच्या दांडीला धरून हळू बसायचं. मुलाला काय वाटेल? त्याला काही वाटणार नाही, ताई. लहानपणी तुम्ही त्याचं सगळं केलंत.

सुनेचंही तसंच आहे. रजा टाकल्याचं वाईट वाटतं असं तुम्ही लिहिलंत, पण मला वाटतं, तिच्या हातून आंघोळ करून घेणं तुम्हाला जास्त जड जातंय. तसं असेल तर महिनाभरासाठी सकाळी दोन तास एखादी बाई लावा आणि सुनेला तसं मोकळेपणानं सांगा. मुलालाही पोळ्याचं कारण सांगत बसू नका. तुझ्या बाबांचा घास एकट्यानं उतरत नाही, मला तिथं असायला हवं, हे सांगा. तो चिडणार नाही.

खरी तयारी महालातल्या घरात करायची आहे, आणि ती तुमच्या यांना करायला लावा. डब्याची वाट बघत बसण्यापेक्षा त्यांना काम मिळेल. व्हिडिओ कॉल लावा आणि त्यांना फोन घेऊन रस्त्यापासून पलंगापर्यंत चालायला सांगा. ओट्याच्या पायऱ्या किती, उंबरठा केवढा, न्हाणीघरात धरायला काही आहे का, सगळं दिसेल. तुमच्या गुडघ्यामागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंत सुतळी धरून माप घ्या आणि त्यांना कळवा. पलंग, खुर्ची आणि कमोड, तिन्ही त्याहून उंच हवेत. भारतीय संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची मिळते, धंतोली-रामदासपेठेकडे सर्जिकल सामानाच्या दुकानात विचारायला सांगा. अंगणातलं शेवाळ घासून काढायला हवं. चटया, पायपुसणी गुंडाळून ठेवायची. आणि बंगई, म्हणजे झोपाळा, दोरीनं वर बांधून टाकायची. तुम्हाला तिच्यावर बसायचा मोह होणार हे मला माहीत आहे, पण ती बुटकी, मागेपुढे हलणारी, आणि उठताना धरायला फक्त कडी. काही महिने नाही म्हणजे नाही.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी पोचायचं ठरवू नका. त्या दिवशी काळी-पिवळी मारबत, म्हणजे त्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, इतवारी-महालाच्या रस्त्यांवर माणसांचा पूर असतो, तुमची गाडी दारापर्यंत येणारच नाही. आठवडाभर आधी या. पोरं आली की ओट्यावर उंच खुर्चीत बसा, नंदी स्टुलावर ठेवायला सांगा, बसल्या बसल्या ओवाळा आणि पोरांना बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, द्या. खाली वाकायचं नाही, कुणी कितीही गोड असलं तरी.

राहिली गोष्ट पुढच्या उपचाराची. निघायच्या आधी नागपुरात एखादा अस्थिरोगतज्ज्ञ आणि घरी येणारा फिजिओथेरपिस्ट ठरवून ठेवा, पोचल्याच्या दुसऱ्या दिवसाची वेळ घ्या. ठाण्याच्या डॉक्टरांकडून त्यांच्या नावानं चिठ्ठी आणा. तीन महिन्यांचा एक्स-रे नागपुरात काढून पाठवला तर चालेल का, हेही त्याच दिवशी विचारून टाका. आणि यांचा डबा लगेच बंद करू नका. दोघांचा डबा दिवाळीपर्यंत चालू द्या, स्वयंपाकघरात तुम्ही नुसतं चहापुरतं उभं राहायचं. तिकीट मात्र डॉक्टरांना फोन करून अंदाजे तारीख विचारून आजच काढा. सणाच्या आठवड्यात खालचा बर्थ उरत नाही, आणि तपासणीत डॉक्टर थांबा म्हणाले तर रद्द करता येतं.

तुमची,
मावशी