घरात दुसरा वसुलीवाला नको

ताई, आम्ही चिंचवडला राहतो. हे एका कारखान्यात सुपरवायझर आहेत, हातात 58,000 येतात. मी बालवाडीत शिकवते, मला 14,000 मिळतात, त्यातून साडीसाठी भिशीत टाकते. घराचा हप्ता 19,500. मुलगी दहावीत, मुलगा पाचवीत. सासूबाई 76 वर्षांच्या, आमच्याकडेच असतात, त्यांची स्वतःची ठेव आहे. मागच्या महिन्यात वसुलीवाल्याचा फोन माझ्या मोबाइलवर आला तेव्हा कळलं की ह्यांच्या तीन क्रेडिट कार्डांवर मिळून सहा लाख थकलेत. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या हॉस्पिटलचं बिल कार्डावर भरलं, ते दोन लाखांच्या आसपास होतं. पुढे वाढतच गेलं. हे दर महिन्याला 30,000 'मिनिमम' भरत होते म्हणे, गेले दोन महिने तेही भरलेलं नाही. मी आता रोज रात्री ह्यांचा फोन तपासते. परवा चाळीस रुपये कुठे गेले विचारलं तर खोटं बोलले, वडापाव खाल्ला होता. मग भांडण. मुलगी कानात हेडफोन घालून बसते. सासूबाईंना सांगू नकोस म्हणतात. परवा म्हणाले, मी नसतो तर विम्याच्या पैशांत सगळं फिटलं असतं. वसुलीवाला पोलीस पाठवतो म्हणतो. यंदा कोकणात गावच्या गणपतीची पाळी आमची आहे, धाकटे दीरही येतात, जायचं की नाही? माझ्याकडे सहा तोळे सोनं आहे. मोडू का? भावाकडे मागू का? रागाने माझं डोकं फिरलंय.

---

तुम्ही पैशांबद्दल इतकं विचारलंत, पण मला अडलं ते विम्याच्या वाक्याशी. तुम्ही ते वडापाव आणि वसुलीवाला यांच्या मधे कुठेतरी घालून पुढे गेलात. आधी ते.

माणूस असं रागात बोलतो, दमून बोलतो, आणि कधी कधी खरंच तसं मनात असतं म्हणून बोलतो. यातलं कुठलं, हे तुम्हाला किंवा मला बाहेरून ओळखता येणार नाही. म्हणून विचारायचं, सरळ विचारायचं. मुलं झोपल्यावर शेजारी बसून, "तुम्ही त्या दिवशी विम्याचं बोललात, जीव द्यायचा विचार मनात येतो का?" असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कुणीतरी ऐकलं म्हणून माणूस सैल होतो. उत्तर "हो" किंवा "कधी कधी" असं आलं, किंवा नुसती मान खाली गेली, तर त्यांना एकटं सोडू नका आणि 14416 ला फोन लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं. डॉक्टरांकडे न्यायची वेळ आली तर तिथला खर्च यादीत सगळ्यात वर. सहा लाख फिटतात. ते कसे, हे आता सांगते.

तुमचे यजमान 30,000 भरत होते आणि तरी कर्ज वाढत होतं, याचा तुम्हाला जास्तच संताप आला असेल. पैसे जातात कुठे? कार्डावर थकलेल्या रकमेला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. सहा लाखांवर ते 21,000 होतं. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 3,780. भरले 30,000, त्यातले 24,780 गेले व्याजात आणि करात. मुद्दलातून कमी झाले फक्त 5,220. आता तुमचा महिना बघा. दोघांचे मिळून 72,000, त्यातून घराचा हप्ता आणि हे 30,000 गेले की हातात 22,500. त्यात पाच माणसांचं घर, शाळा, औषधं, पेट्रोल कसं भागणार? मग किराणा परत कार्डावर. आणि एकदा थकबाकी राहिली की नव्या खरेदीला ती बिनव्याजी मुदतही मिळत नाही, त्या डाळ-तांदळावर पहिल्या दिवसापासून व्याज. तुमच्या यजमानांनी लपवलं ही चूक आहे, मोठी चूक आहे. पण उधळपट्टी मला तुमच्या पत्रात कुठे दिसली नाही. वडिलांचं आजारपण दिसलं, आणि 'मिनिमम' या शब्दावर विश्वास ठेवलेला माणूस दिसला.

व्याज कायद्याने कमी होईल अशी आशा धरू नका. वर्षाला 30 टक्क्यांच्या वर व्याज घेणं अन्यायकारक आहे असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 साली म्हटलं होतं, तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला. तेव्हा हे कर्ज कार्डावरून उठवून स्वस्त जागी नेणं, हाच रस्ता.

कारखान्याची पगारदार पतसंस्था असेल तर यजमानांना पहिल्यांदा तिथे पाठवा. हप्ता पगारातूनच कापला जातो, म्हणून ती मंडळी सिबिलचा, म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली ते दाखवणारा, आकडा बघून बँकेइतकी बिथरत नाहीत. समजा सहा लाख 14 टक्क्यांनी चार वर्षांसाठी मिळाले, तर हप्ता साधारण 16,400 बसतो आणि एकूण फेड होते पावणेआठ लाखांच्या थोडी वर. हेच कर्ज कार्डावर ठेवून, एक पैसाही नवा खर्च न करता, महिन्याला 30,000 भरत राहिलात तरी साडेतीन वर्षांहून जास्त लागतील आणि जवळजवळ तेरा लाख जातील. पतसंस्थेने चारच लाख दिले तर दोन कार्डं त्यात संपवा आणि तिसऱ्याच्या बँकेत लेखी अर्ज करून थकबाकीचे हप्ते बांधून मागा. हे पटकन करा. थकबाकीला नव्वद दिवस उलटले की खातं एनपीएत, म्हणजे बँकेच्या थकीत कर्जांत, जातं, मग बँकेशी बोलणं अवघड होतं.

जामीनदार लागतील, बहुतेक कारखान्यातलेच दोघं. त्यांना खरं सांगून सही घ्यायची. घराच्या डागडुजीसाठी हवेत वगैरे नको.

तीन गोष्टींच्या वाटेला जाऊ नका. मोबाइलवर दहा मिनिटांत कर्ज देणारी ॲप्स. दोन-तीन टक्के कापून कार्ड 'फिरवून' देणारे दुकानदार, जे आपल्या पैशांनी बिल भरतात आणि लगेच तेवढंच परत स्वाइप करतात. आणि "निम्म्यात सेटलमेंट करून देतो" म्हणत आधी फी मागणारे. सेटलमेंट खुद्द बँकेने देऊ केली तरी थांबा. सिबिलवर 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि तो वर्षानुवर्षं दिसतो. तुमची मुलगी दहावीत आहे. दोन-तीन वर्षांत शैक्षणिक कर्ज काढायची वेळ आली तर सहकर्जदार म्हणून आई-वडीलच उभे राहतात, तेव्हा तो शेरा आडवा येईल. नोकरी गेली, पगारच थांबला, तर गोष्ट वेगळी. तुमचा पगार चालू आहे.

पोलिसांचं म्हणाल तर कार्डाची थकबाकी ही दिवाणी बाब आहे. तेवढ्यासाठी पोलीस दारात येत नाहीत. चेक वटला नाही तर मात्र फौजदारी खटला होऊ शकतो, म्हणून वसुलीवाल्याच्या हातात सही केलेला चेक देऊ नका, कितीही गोड बोलला तरी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही, धमकावता येत नाही, नातेवाइकांना छळता येत नाही. तुम्ही त्या कर्जाला सहकर्जदार नाही, जामीनदार नाही, तेव्हा तुमच्या फोनवर त्याचं काही काम नाही. तारीख-वेळ लिहून ठेवा, बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याची माहिती 14448 वर मिळते.

आता घराकडे येते, कारण पैशांचं गणित तसं सोपं आहे.

तुम्ही रोज रात्री फोन तपासता. चाळीस रुपयांचा जाब विचारता. बाई, वसुलीवाला निदान सातनंतर फोन करायचा नाही अशा नियमात बांधलेला आहे, तुम्ही अकरा वाजता सुरू होता! तुमचा राग खोटा नाही. दोन वर्षं शेजारी झोपणाऱ्या माणसाने हे पोटात ठेवलं, तुम्ही साडीसाठी भिशीत पैसे टाकत होतात तेव्हा हा माणूस बुडत होता आणि बोलला नाही, हे कुणालाही लागेल. तो राग त्यांना एकदा पूर्ण ऐकवा, वाटल्यास रडून ऐकवा. पण ही फेड चार वर्षं चालणार आहे. चार वर्षं रोज उलटतपासणी कुठलाही संसार सोसत नाही. आणि तुमच्या पद्धतीचं फळ तुम्हीच लिहिलंय: सहा लाख लपवणारा माणूस आता वडापाव लपवायला लागला.

म्हणून रोजचं बंद. रविवारी सकाळी चहानंतर अर्धा तास बसा, दोघांनी. तिन्ही कार्डांची स्टेटमेंटं, दोघांच्या बँकेची खाती, एक साधी वही. त्यात दोघांचंही लिहायचं, तुमची भिशीसुद्धा. पासवर्ड दोघांना माहीत. अर्धा तास झाला की वही मिटायची आणि पुढच्या रविवारपर्यंत तो विषय जेवणाच्या ताटावर आणायचा नाही. दोघांनी महिन्याला हजार-हजार रुपये स्वतःकडे ठेवायचे, ज्यांचा हिशेब कुणी कुणाला विचारायचा नाही. वडापाव त्यातून. 16,400 चा हप्ता आणि घराचा हप्ता वजा जाऊन 36,100 उरतात, त्यात हे बसतं. लोक अशा वेळी स्वतःवर इतकी काटकसर लादतात की पाचव्या महिन्यात वैतागून दोघांतला एकजण ऑनलाइन काहीतरी मागवतोच.

सासूबाईंना सांगायला हवं. पण तुम्ही नाही, त्यांच्या मुलाने. तुमच्या तोंडून गेलं तर ती सुनेची तक्रार होईल. यजमान घाबरतात ते का, हे मला कळतं: "माझ्या माणसाच्या दवाखान्यामुळे पोरगं बुडालं" असं त्या म्हातारीला वाटेल. म्हणून आकडे सांगायचे. दवाखान्याचे दोन लाख, बाकीचं व्याज आणि त्यापायी कार्डावर गेलेला किराणा. त्या पुढे होऊन आपली ठेव मोडायला निघतील. ती घेऊ नका. त्यांच्या वयात ती ठेव म्हणजे पुढच्या दवाखान्याची सोय आहे, नाहीतर तेही बिल कार्डावर जाईल.

मुलीला हेडफोनमधून सगळं ऐकू येतं, हे धरून चाला. तिला दोघांनी मिळून सांगा: कर्ज आहे, कसं फेडायचं ते ठरलंय, तुझी दहावी आणि क्लास याला धक्का नाही. आकडा विचारला तर सांगा, पंधरा वर्षांची मुलगी आहे. फक्त तिच्यापाशी बाबांची गाऱ्हाणी नकोत. धाकट्याला "सध्या जपून खर्च करतोय" एवढं पुरे.

गणपतीला जा. पाळी तुमची असताना न जाणं म्हणजे भावकीत वीस प्रश्न आणि सासूबाईंच्या जिवाला घोर. एसटीने जा. तुम्हाला आणि मुलीला अर्धं तिकीट, सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या म्हणून त्यांना फुकट, धाकटा बाराच्या आतला असेल तर त्यालाही अर्धं. पूर्ण तिकीट एकट्या यजमानांचं. आरास घरच्या साड्यांची, मूर्ती लहान, पंगत भावकीपुरती. धाकट्या दिरांशी आधीच बोला, "यंदा हात आखडता आहे, अर्धं तुम्ही उचला, पुढच्या पाळीला मी उचलेन." कोकणात हे कुणाला नवीन नाही, मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हाही गणपती येतच होते.

भावाकडे मागू नका. माहेर हे तुम्हाला या चार वर्षांत श्वास घ्यायला लागणार आहे, तिथे देणेकरी म्हणून जावं लागू नये. त्याला सांगा मात्र, लपवू नका.

आणि सोनं. ते तुमचं स्त्रीधन आहे, द्यायचं की नाही हे सर्वस्वी तुम्ही ठरवायचं, यजमानांनी नाही, सासूबाईंनी नाही आणि मीही नाही. हिशेबाने बघाल तर कपाटातल्या बांगड्या दरवर्षी चाळीस टक्क्यांनी वाढतीलच असं नाही आणि कर्ज मात्र वाढतंय. पतसंस्थेचे पैसे कमी पडले तर न वापरातले दागिने मोडणं मला गहाण ठेवण्यापेक्षा बरं वाटतं, कारण गहाणाचं व्याज पुन्हा तुमच्याच डोक्यावर आणि हप्ता चुकला तर लिलाव. मंगळसूत्राला हात लावायची गरज तुमच्या आकड्यांत तरी दिसत नाही. पण एक क्रम पाळा. कार्डाचे पैसे भरले की त्याच दिवशी ते बंद करायचा लेखी अर्ज. कात्रीने कापलेलं कार्ड बंद होत नाही, त्याची वार्षिक फी चालूच राहते. देणं शिल्लक नसेल तर बँकेने सात कामाच्या दिवसांत ते बंद करायचं असतं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 500 रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे असतात. बंद झाल्याचा मेल हातात घ्या, खरेदीच्या ॲपमधून कार्डाचा नंबर काढून टाका. निदान दोन कार्डांचे असे मेल बघितल्याशिवाय सोनाराची पायरी चढू नका.