दिवाळीनंतरचं हजेरीपत्रक

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. कॉलेजातल्या विद्यार्थी विकासाची जबाबदारी तुझ्याकडे आली हे वाचून ऊर भरून आला. 'पहिल्याच वर्षी प्रवेश वाढवून दाखवते' असं लिहिलंयस. प्रवेश वाढतीलही, पण माझा जीव अडकतो तो प्रवेशानंतरच्या चार महिन्यांत.

२०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशाचं नोंदणीचं प्रमाण २८.४ टक्के होतं, महाराष्ट्राचं ३५.३ आणि तमिळनाडूचं ४७. १८ ते २३ वयोगटाच्या लोकसंख्येशी ताडून हे प्रमाण काढतात. म्हणजे नाव घातलेलं पोर त्यात आलं. त्याच्या हातात पदवी पडली का, हे त्यातून कळत नाही. ते तुलाच बघायचंय.

आपल्या भागात कारखान्यांचे बॉयलर पेटले की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि थोरली मुलगी धाकट्यांना सांभाळायला घरी राहते. दिवाळीनंतर प्रथम वर्षाचे बाक रिकामे दिसतात ते यामुळेही. माझ्या वर्गातली एक मुलगी प्रॅक्टिकल अर्ध्यावर टाकून उठायची. मी दोनदा रागावलो. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कळलं, तिच्या गावची शेवटची एसटी साडेचारला आणि आमचं प्रॅक्टिकल सुटायचं पाचला! त्या रागावण्याची लाज मला आजही वाटते. मग सरपंचबाई, दोघे पालक आणि मी आगारात गेलो. त्या रस्त्यावरून रोज येणाऱ्या एकोणीस मुलींची नावं एका कागदावर लिहून नेली होती. तिसऱ्या खेपेला गाडी पाऊण तास पुढे गेली. पुढे ती मुलगी बी.एस्सी. झाली.

एसटीचं आणखी एक ध्यानात ठेव. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत पास फुकट मिळतो. कॉलेजात पाऊल टाकलं की सवलतीत का होईना, पैसे मोजावे लागतात, आणि नेमकं त्याच वर्षी घरात 'आता पुरे झालं शिक्षण' सुरू होतं.

महाडीबीटीच्या, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरच्या अर्जासाठी जुलैतच बैठक लाव. उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, आधारला जोडलेलं बँक खातं, यातलं एक राहिलं तरी शिष्यवृत्ती अडकते. अर्ज भरायला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं बसव, त्यांनी ठेचा खाल्लेल्या असतात. तरीही पैसे उशिरा येतात आणि मेसवाला महिन्याच्या महिन्याला मागतो.

ही मधली फट गावानं भरायची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहातली पोरं जगवली ती मुष्टिफंडावर: दळायला बसताना बाईनं मूठभर धान्य बाजूला काढायचं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर मंगळसूत्रही दिलं. तू मोठी देणगी मागू नकोस. बचत गटाकडे जा, गणेश मंडळाकडे जा, आणि एका पोराचा तीन महिन्यांचा डबा माग. एवढ्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही. पोराचं नाव मात्र चारचौघांत घेऊ नकोस.

सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी हजेरीपत्रक घेऊन बस. जे आले नाहीत त्यांच्या घरी दुपारच्या आत फोन कर, आणि शक्यतो आईशी बोल. किती जण परतले ते मला कळव. मी वाट बघतो.

तुझा,
सर