साचा जुना, मग नवे काय?

प्रश्न : विज्ञानपट मी आवडीने पाहतो. अलीकडे ‘स्टार वॉर्स’, ‘द मेट्रिक्स’ आणि ‘ड्यून’चे दोन्ही भाग लागोपाठ पाहिले, तेव्हा सगळीकडे एकच गोष्ट दिसली : आपली ओळख न पटलेला तरुण, त्याला घडवणारी जाणती माणसे, परके जग, कसोटी आणि अखेर उद्धारकर्ता म्हणून त्याचा स्वीकार. ही एकमेकांची नक्कल समजायची का? नसेल, तर अशा चित्रपटांत स्वतंत्र असे काय उरते? — एक वाचक

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे, परंतु त्यावरून नकलेचा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये असे मला वाटते. ऑटो रँक या मनोविश्लेषकाने १९०९ मध्ये वीरांच्या जन्मकथा शेजारीशेजारी मांडल्या, तेव्हा नदीत सोडून दिलेला मेसोपोटेमियाचा सार्गन, बायबलमधला मोझेस आणि महाभारतातला कर्ण एका रांगेत येऊन बसले. म्हणून कर्णाची कथा कोणाला उसनी वाटत नाही, कारण तिचे वेगळेपण पेटीत नसून पुढे कुंतीसमोर उभ्या राहिलेल्या कर्णाच्या उत्तरात आहे.

चित्रपटांच्या बाबतीत मात्र हे साम्य पुष्कळदा जाणूनबुजून आलेले असते. पुराणकथांचे अभ्यासक जोसेफ कॅम्पबेल यांनी १९४९ मध्ये प्रस्थान, दीक्षा आणि पुनरागमन अशा तीन टप्प्यांत वीराच्या प्रवासाचा आराखडा मांडला, आणि १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’वर त्याचा प्रभाव असल्याचे दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी स्वतःच सांगितलेले आहे. पुढे १९८० च्या दशकात कथा-सल्लागार क्रिस्टोफर वोग्लर यांनी त्याच आराखड्याचे काही पानांचे टिपण तयार केले, ते हॉलिवूडमध्ये हातोहात फिरले, आणि जी गोष्ट अनेक कथा वाचून झाल्यावर ध्यानात आली होती ती कथा लिहिण्याआधीच हातात पडू लागली. आपल्याला आलेला कंटाळा बव्हंशी तिथला आहे आणि तो रास्त आहे.

तरीही उसने घेणे आणि नक्कल करणे यांत फरक आहे. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या १९५८ च्या ‘द हिडन फोर्ट्रेस’मध्ये भांडत, रखडत चाललेले दोन गरीब शेतकरी आरंभी दिसतात, आणि सेनापती व राजकन्या यांची गोष्ट आपण त्यांच्या सोबतीने पाहतो. लुकास यांनी ही मांडणी उचलली, पण शेतकऱ्यांच्या जागी दोन यंत्रमानव आणले. शेतकरी लोभी असले तरी आपल्या मर्जीने पळून जाऊ शकतात. यंत्रमानव पकडले जातात आणि विक्रीला उभे केले जातात. विकत घेणारा शेतकरी, म्हणजे नायक ल्यूकचा काका, आधी दुसराच लाल यंत्रमानव पसंत करतो, तो चार पावले जातो न जातो तोच त्याच्या डोक्यातून धूर निघतो, आणि म्हणून राजकन्येचा निरोप पोटात घेऊन आलेला निळा यंत्रमानव ल्यूकच्या घरी पोहोचतो. वीराला येणारे बोलावणे साच्यातले आहे. ते जुन्या यंत्रांच्या खरेदीतून, एका बिघाडामुळे यावे, ही कल्पना साच्यात कुठेच नाही.

‘द मेट्रिक्स’विषयी थोडक्यात एवढेच की कॅम्पबेल यांचा वीर वरदान घेऊन घरी परततो, तर या चित्रपटात घर म्हणून जे जग होते तेच खोटे ठरते, आणि परतण्याचा अर्थच पालटून जातो.

विज्ञानपटाला मी स्वतः एक कसोटी लावतो : त्यातली वैज्ञानिक कल्पना काढून घेतली तर कथा उभी राहते का? ‘स्टार वॉर्स’ राहील, कारण ती मुळात परीकथा आहे आणि त्यात उणेपणा नाही. २०१६ चा ‘अरायव्हल’ राहणार नाही. परग्रहवासीयांची भाषा शिकता शिकता त्यातल्या भाषाशास्त्रज्ञ स्त्रीला भूत आणि भविष्य एकत्र दिसू लागतात, आणि आपली मुलगी अल्पायुषी असेल हे ठाऊक असूनही ती तिला जन्म देण्याचे ठरवते. इथे वरदान आणि दुःख ही एकच वस्तू आहे, आणि त्या भाषेच्या कल्पनेवाचून ते घडूच शकत नाही.

राहिला ‘ड्यून’, आणि आपल्या यादीत तो इतरांच्या पंगतीला बसलेला पाहून मला थोडे वाईट वाटले. फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५ च्या कादंबरीत उद्धारकर्ता येणार ही भविष्यवाणी दैवी नाही. बेनी जेसरिट या भगिनीसंघाने ती आपल्या सोयीसाठी पूर्वीच लोकांत पेरून ठेवलेली आहे. म्हणजे आपण ज्याला साचा म्हणता तो इथे पडद्यामागे राहत नाही, तर सत्तेचे हत्यार म्हणून समोर येतो, आणि नायकाच्या विजयाची भीती वाटावी अशी रचना होते. दिग्दर्शक डेनी व्हिलनव्ह यांनी २०२४ च्या दुसऱ्या भागात हे आणखी उघड केले आहे. कादंबरीत अखेरपर्यंत नायक पॉलच्या बाजूने राहणारी त्याची प्रेयसी चानी चित्रपटात, बाकीचे गुडघे टेकत असताना, उभी राहते आणि निघून जाते. शेवटच्या दृश्यात पॉल नाही. वाळूत एकटी उभी राहून स्वारीसाठी महाकाय वाळूकिड्याची वाट पाहणाऱ्या चानीचा चेहरा आहे.