केबलवर ९४ च मिळतात? आधी तारा मोजा

प्लॅन ३०० एमबीपीएसचा, वायफायवर अडीचशेच्या पुढे मिळतात, पण केबल लावली की आकडा ९४ वरच थांबतो, असं तुम्ही लिहिलंय. कंपनीकडे तक्रार करायची घाई नको. वायफायवर अडीचशे येतात म्हणजे राउटरपर्यंत स्पीड नीट पोचतोय.

९४ दिसले की मी थेट केबलच हातात घेतो. कॉम्प्युटर आणि राउटर १०० एमबीपीएसच्या लिंकवर (दोघांमधल्या जोडणीच्या वेगावर) जोडले गेले की एवढेच मिळतात. इथरनेटच्या, म्हणजे केबलवरच्या नेटवर्कच्या, एका फ्रेममध्ये (डेटाच्या एका पाकिटात) जास्तीत जास्त १५०० बाइट्स जातात. पत्ते, चूक तपासायचा कोड, सुरुवातीचा इशारा आणि दोन फ्रेममधली मोकळी जागा यांचे वर ३८. त्या १५०० मधलेही निदान ४० आयपी-टीसीपी या इंटरनेटच्या नियमांची माहिती खाते. शंभरातून हे गेलं की उरतात ९४-९५.

केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या. १०० च्या लिंकला पिन १-२ आणि ३-६ अशा दोनच पुरतात. गिगाबिटला, म्हणजे १००० च्या लिंकला, चारही लागतात. त्यामुळे उरलेल्या दोनांपैकी निळी किंवा तपकिरी जोडी तुटली तरी लाइट लागतो, नेट चालतं आणि कुणाला शंकाही येत नाही. बहिणीच्या घरी हेच झालं होतं. कनेक्टर उजेडात धरला तर सात तारांची टोकं पुढच्या प्लास्टिकला टेकलेली, तपकिरी तेवढी दोन मिलिमीटर मागे. पिनचा दात तिच्यात बसलाच नव्हता.

कनेक्टर नव्याने क्रिंप करणार (तारांवर दाबून बसवणार) असाल तर क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी निळीच्या दोन्ही बाजूंना विभागली जाते, ती तशीच हवी. बरेच जण चारही जोड्या सरळ ओळीने लावतात. दोन्हीकडे सारखंच असल्याने साध्या टेस्टरवर सगळे दिवे लागतात, पण ३ आणि ६ वर वेगवेगळ्या जोड्यांच्या तारा येतात. प्रत्येक जोडीच्या दोन तारा एकमेकींना पिळलेल्या असतात; पीळ असा एकमेकींचा नसला की शेजारच्या जोडीचा गोंधळ आत शिरतो. पीळही अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका.

कापाकापीआधी त्याच पोर्टांत दुसरी तयार केबल लावून विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. १००० दिसले तर दोष जुन्या केबलचा. तरीही १०० च असतील, तर कॉम्प्युटरचं लॅन कार्ड आणि राउटरचा लॅन पोर्ट गिगाबिट आहेत का ते तपासा, आणि दोन्हींचं मॉडेल इथे लिहा.